तुकडा एकसष्ट

फोनमध्ये एकशे तेरा तुकडे आहेत.
एकही अर्ध्या मिनिटाहून मोठा नाही.
नावं अशी: धायरी फाटा दोन,
गॅस संपला, दाढदुखी,
तार तुटायच्या आधी,
नवीन, नवीन खरं, नवीन शेवटचं.

भोसरीत मी दिवसभर व्हर्नियर घेऊन
बुशिंगचा व्यास मोजतो.
जमलं नाही ते लाल ट्रेमध्ये टाकतो,
वर चिठ्ठी: पुन्हा पाहणे.
रात्री घरी गिटार मांडीवर येते
आणि तिथलाही ट्रे भरत जातो.

एकसष्ट नंबर त्यातल्या त्यात बरा.
सात मात्रांचा.
सहा मात्रा जिना चढतात,
सातवी, जिथे पायरी नाही
तिथे पाय टाकते.
वाजवला की मान आपोआप हलते,
पण नुसती हलून जाणार कुठे?
डेपोतच फिरत राहिलेल्या पीएमटीसारखा
पुन्हा स्वारगेट,
पुन्हा स्वारगेट.

होशंग म्हणाला,
मुखडा झाला रे, धड कुठाय?
(तो दिवसा बेअरिंग विकतो, रात्री ड्रम बडवतो,
दोन्हीकडे फिरतं काय ते त्याला कळतं.)

शलाका क्लासमध्ये गणित शिकवते.
तिने वहीत चौकटी आखल्या:
एकसष्ट चार वेळा,
मग चौऱ्याण्णव दोन वेळा, मग परत एकसष्ट.
वाजवून पाहिलं.
सायकलला स्कूटरचं हँडल.

भवानी पेठेत, टायरच्या दुकानाखाली,
खळदकरांची खोली.
भिंतीभर अंड्यांचे ट्रे,
तासाला साडेतीनशे, पंखा धरून.
पाच महिने आम्ही तिथे
एका सुरुवातीचं भाडं भरत होतो.

मग एका गुरुवारी रजा टाकून दुपारी भेटलो.
गुरुवारी पुण्यात लाइट जाते
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
आम्ही तिघं विसरलो.

अँप गप्प.
हातात उरली एक रंगीत फळी
आणि किणकिणणाऱ्या सहा तारा.
होशंगला विजेची गरज नसते,
तो थांबलाच नाही.
मी तुकडा नाकातून गुणगुणायला लागलो.
बोटांना दम लागत नाही, मला लागला.
दुसऱ्या फेरीनंतर श्वास संपला
आणि एकसष्ट नंबरमध्ये
पहिल्यांदाच एक भोक पडलं.

त्या भोकातून खळदकर उतरले, बॅटरी घेऊन.
म्हणाले,
वेळ संपली, पण बसा.
अंधारात त्या जिन्यावर कुणाचा तरी पाय मोडायचा.

शलाकाने बोटं मोजली.
वेळ, सं, प, ली, पण, ब, सा.
सात.
तिने परत मोजली, गणितवाली आहे.
सातच.
आणि जिथे पायरी नव्हती तिथे
खळदकरांचा सा होता,
पान खाल्लेला, थोडा उतरलेला.

दुसरं वाक्य मात्र सातात बसेना.
जिन्यापाशीच सांडायला लागलं.
मी कापायला गेलो, सवयीने.
होशंग म्हणाला, कापू नको, जाऊ दे, मी आहे खाली.
तर गेलं ते,
आधी खाली, मग कुठल्यातरी कोमल स्वरावर रेंगाळत,
घर सोडलेल्या पोरासारखं
रस्ता न विचारता.
आम्ही मागे मागे.
बऱ्याच वेळाने समोर ओळखीचं काही दिसलं,
तर ते एकसष्ट होतं.
पाच महिने तेच वाजवलं होतं,
आलेलं कधी ऐकलं नव्हतं.

लाइट आली. कुणी आवाज वाढवला नाही.

गाणं आता तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे.
तुकडा त्यात दोनदाच येतो.
शेवट अजून नाही.
शलाका म्हणते, हळूहळू विरत जाऊ दे,
पण स्टेजवर विरायचं कसं,
चालत निघून जायचं का, वायरीसकट?

खळदकरांनी जादा अर्ध्या तासाचे पैसे घेतले.
मी म्हटलं, काका, वीज नव्हती.
म्हणाले, खोली होती ना?