तोंडाला तोंड

उद्यमनगरात आदगोंडाच्या लेथवर
पंपाचे नग बाजूला सारून
माझी रिंग चढली.
दोन्हीकडून बावन्नचे आटे, दोन्ही बाहेरून.
"दोन नर जोडून काय व्हणार ओ ताई?"
म्हणाला, आणि स्वतःच लाजला,
खाली वाकून कॅलिपर शोधू लागला
जो त्याच्या खिशातच होता.
पैसे घेतले नाहीत.
"काय दिसलं तर दाखवा."

दोनशेची लांब लेन्स कॅमेऱ्यावर सुलटी,
तिच्या तोंडाला तोंड लावून पन्नासची, उलटी.
एक बाजारातून घेतलेली, एक बुरशी चढलेली.
दोनशे भागिले पन्नास : चौपट.
गणित एवढंच.
बाकी सगळा श्वास.

लक्ष्मीपुरीत माझा स्टुडिओ,
पासपोर्ट, आधार, लग्नाचे अल्बम.
मंडपातली आठशे माणसं
मी एका फ्रेममध्ये बसवलीत
आणि अल्बम उघडला की प्रत्येक जण
फक्त स्वतःला शोधतो.

रात्री शटर ओढून
काडेपेटीवर गुळाचा खडा ठेवते.
आधी नुसता काळोख.
दोन लेन्सांच्या बोगद्यात उजेड दमून जातो,
त्याला टॉर्च दाखवावी लागते, दह्याच्या कपातून गाळून.
फोकसची रिंग इथं कामाची नाही.
आपणच सरकायचं, कॉलेजच्या भंगारातल्या
मायक्रोस्कोपचं चाक केसभर फिरवत.
नीट दिसतो तो एकच पापुद्रा,
अलीकडे धुकं
पलीकडे धुकं.
बाहेरून शेवटची केएमटी गेली
की गुळाच्या डोंगरात भूकंप.

मुंगी आली तीही आपणहून.
डोळा धरला तर मिशी गेली,
मिशी धरली तर डोळा.
आख्खी मुंगी मला अजून मिळालेली नाही.

मग गुजरीतून हणमंतअण्णा पोतदार आले,
रुमालात गिऱ्हाइकाचा जुना साज.
"माशाच्या पानाचा डाग सुटलाय का बघ.
माझ्या भिंगाला आता काय दिसत नाही."
(भिंग ठणठणीत होतं.
आम्ही दोघंही तसं म्हणालो नाही.)

एका माशाचे त्रेसष्ट फोटो,
थरावर थर, पहाटे तीनपर्यंत.
डाग शाबूत होता.
पण खवल्यांच्या रेघा, एकीला लागून एक,
शिस्तीत बसलेल्या,
त्यांतली सातवी सुटलेली,
कल्ल्यापर्यंत घसरत गेलेली.
उघड्या डोळ्यांना ती धूळसुद्धा नव्हती.
इथं ती नांगराचं तास.

अण्णांनी चष्मा कपाळावर नेला.
स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले.
बराच वेळ.
मला वाटलं, कारागिराला शिव्या घालतील.
"माझीच हाय," म्हणाले.
"चहा आल्ता मधीच.
पोऱ्यानं बशी आपटली."
आणि सदतीस वर्षांनी त्या पोऱ्यावर
थोडे चिडले.

"गिऱ्हाइकाला दाखवू नको हं.
जन्म काढला तिनं हा गळ्यात घालून."
साज रुमालात गेला, रुमाल बंडीत.
पायरी उतरले, पुन्हा वर आले :
"एक कॉपी काढ. मोठी.
त्या रेघेची."

आदगोंडाला अजून काही दाखवलेलं नाही.
त्याच्या रिंगेच्या आट्यात
लोखंडाचा एक कीस अडकलाय, निळा, पिळदार,
तो काढायचाय आधी.
किंवा त्याचाच काढावा फोटो.

सकाळी अकरावीतला एक मुलगा,
निळ्या पडद्यापुढे, केसांना पाणी लावून.
हनुवटी खाली, म्हटलं. हलू नको.
तो हलत नव्हताच.
त्याच्या भुवईत एक जुनी खोक,
बारीक, पांढरी,
आणि मी कॅमेऱ्यामागे
उगाच श्वास धरून.