सोपं आहे

व्हर्डेल दरवर्षी म्हणायची, "सोपं आहे रे, त्यात काय!"
आणि मला स्वयंपाकघराबाहेर हाकलायची.
मी एकतीस वर्षं रताळ्यांच्या शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवली,
लाकडी पेट्यांच्या माड्या रचल्या, उतरवल्या.
नॉर्थ कॅरोलायनाचं रताळं मला पाठीकडून ठाऊक, कमरेकडून ठाऊक.
जिभेशी त्याची ओळख तिनं करून दिली.

यंदा ती ओट्याशेजारी, चाकांच्या खुर्चीत.
मार्चपासून उजवा हात मांडीवर, अवघडलेल्या पाहुण्यासारखा,
आणि शब्द —
शब्द आहेत सगळे, पण बिऱ्हाडं बदलून बसलेत.
लोण्याच्या घरात आता मंगळवार राहतो.
चमच्याला ती टेकडी म्हणते.
माझं नाव घ्यायला जाते आणि तोंडात कुत्र्याचं येतं,
वडलांचा कुत्रा, मरून चाळीस वर्षं झाली.
मी ओ देतो.

रताळी भाजली अख्खी, सालीसकट.
त्यांच्या अंगातला पाक झिरपून
ट्रेला चिकटला, डांबरासारखा काळा.
उकडायची नाहीत, एवढं पक्कं आठवत होतं,
कारण धाकट्याची बायको क्लॉडेट एकदा उकडून घेऊन आली
आणि व्हर्डेल तिच्याशी ईस्टरपर्यंत बोलली नव्हती.
साल बोट लावताच सुटली,
पायातून ओला मोजा निघावा तशी.

"मंगळवार," ती म्हणाली, डाव्या हाताची दोन बोटं वर.
लोण्याच्या दोन कांड्या.
ब्राउन शुगरला तिनं मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.
अंडी मी आपणहून फोडली.
कवचाचा कपचा आत पडला, तो तिला दिसला.
तिला सगळं दिसतं.
आटवलेल्या दुधाचा डबा. व्हॅनिला. दालचिनी.
मीठ विसरलो तेव्हा तिनं कपाटाला लाथ मारली,
चांगल्या पायानं.

वरून काय घालायचं, यावर आमच्या घरात दोन पक्ष.
पोरं मार्शमेलोवाली, म्हातारे पेकानवाले.
तिनं कधी निवाडा केला नाही,
भांड्याच्या मधोमध सीमा आखायची.
मीही आखली. वाकडी.

शेवटची दहा मिनिटं राहिली आणि ती म्हणाली, "खिडकी."
मी जायफळ दाखवलं. नाही.
सुंठ? मेपलची बाटली? "खिडकी! खिडकी!"
अख्खं कपाट रिकामं केलं,
एकेक बाटली उचलून तिच्यापुढे धरली,
ती मान हलवतेय, डोळे भरून आलेत,
मला वाटलं, हरलो आपण दोघंही —
आणि धुराचा अलार्म किंचाळला.

पोरांची बाजू पेटली होती.
डोळ्यांतलं पाणी धुराचं होतं.
खिडकी म्हणजे खिडकी.
आठ महिन्यांत एक शब्द आपल्या घरी परतला
आणि मी त्याला दारात ओळखलं नाही.

हसलो, पोट दुखेपर्यंत. ती डाव्या बाजूनं हसते आता,
पण पूर्वीपेक्षा जोरात.
उघड्या खिडकीतून गार हवा आली,
शेजाऱ्यांच्या टर्कीचा वास घेऊन.
मी सुरीनं काळा पापुद्रा खरवडला,
नवे मार्शमेलो लावले,
कुणाला सांगितलं नाही.

तीन वाजता सगळे आले, थँक्सगिव्हिंगची लांबलचक प्रार्थना झाली,
क्लॉडेटनं पहिला घास घेतला, म्हणाली,
"हे व्हर्डेलच्या हातचं."
मी गप्प राहिलो. खोटं कुठं होतं?

व्हर्डेलनं मात्र घास बराच वेळ तोंडात धरला.
मग माझ्याकडे पाहून एक बोट वर केलं.
एक गोष्ट राहिली.
कोणती गं?
"नदी," ती म्हणाली. ठामपणे. जशी मी मूर्खच.

रात्रीचे अकरा. भांडी घासून झाली.
मी एकेका बाटलीचं झाकण काढून हुंगतोय.
नदी.
अगदी मागच्या बाटलीवर लेबल नाही,
झाकण घट्ट बसलंय.
गरम पाण्याखाली धरलंय.