विरजण

आतडं ही टाकायची गोष्ट, हे हाताला पाठ होतं.
आष्ट्याच्या बाजारात
पोटाला चीर, बोटाचा आकडा, एक हिसका,
आणि मागं बसलेल्या घारीचा वाटा घारीला.
तीस वर्षं मासा बाहेरून ओळखला मी,
कल्ला लाल, डोळा फुगीर, खवल्याला चकाकी.
आत काय चालतं ते कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

मग दुधगावच्या खाली
मगदुमांची अडीच एकर मिळाली खंडानं.
उसाला पाणी पाजून पाजून पांढरी पडलेली,
उन्हात मीठ फुललेली, पावलाखाली करकरणारी जमीन.
तिथं तळं खोदलं. रोहू सोडला, कटला सोडला.
आदिनाथ मगदूम दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस,
तळ्याकडं पाठ करून बोलायचा,
"पाणी कसं हाय, सुंदरा?"
माशांचं नाव घ्यायचा नाही.

भाद्रपदात मासे काठाला आले.
पोटं तट्ट, शेपटीआधी लाल टिपका,
खवले उभे,
थंडीत अंगावर काटा येतो तसे.
औषधवाल्यानं पुडी दिली, खाद्यात कालवली.
आठ दिवस तळं गप्प.
नवव्या दिवशी सत्तावीस.
दहाव्या दिवशी मासे सोडून टोपल्या मोजल्या.

बर्फात घालून एक मासा मिरजेला नेला,
एस.टी.त मांडीवर, लेकरागत.
प्रयोगशाळेतली फिरदोस बाई, माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची,
तिनं पोट उघडलं माझ्यासारखंच, एका चिरीत,
पण आतडं टाकलं नाही.
काचेवर थेंब पसरून म्हणाली, बघा.
मी एक डोळा मिटला.
एकसारखे बारीक दाणे, वळवळणारे, सगळे एकाच घरचे.
"हे चांगल्या माशांतसुद्धा असतात.
बाकीच्यांच्या गर्दीत कोपरा धरून बसतात.
तुमच्या पुडीनं गर्दी मेली,
ह्यांना ती लागूच पडली नाही."

मला महापुराचं साल आठवलं.
होडीतनं माणसं आम्हीच काढली, आम्ही भोई.
पाणी ओसरल्यावर परत आलो तर
देवघरात, पिठाच्या डब्याआड, पाळण्यात
साप.
सगळे काही पुराबरोबर आले नव्हते.
काही आधीपासूनच कुडात राहायचे,
आमच्या पायांचा आवाज ऐकत.

"मग आता?"
"गर्दी परत घालायची."
गूळ, कोंडा, दही, झाकणाचं पिंप, सात दिवस सावलीत.
तिनं कागदावर लिहिलं, मी डोक्यात.

कोंडा होता, गूळ तर गावभर.
दह्यासाठी मगदुमांच्या दारात गेले तेव्हा दिवेलागण झालेली.
पद्मावती वहिनी म्हणाल्या,
"सांजचं इरजण देत न्हाईत. कशाला पायजे?"
"माशांच्या पोटाला."
त्या उंबऱ्यातच थांबल्या.
त्यांच्या घरात पाणी गाळून पितात.
मोरपिसांनी जमीन झाडून मग बसणारे मुनी येतात तिथं,
डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांना जपत.
वाटलं, विचारावं, वहिनी,
त्या न दिसणाऱ्यांत
मारणारेपण धरलेत का तुमच्या मुनींनी?
नाही विचारलं. चप्पल घातली.

सकाळी बांधावर वाटी.
वर हळदीचं पान,
पानावर दगड, मांजरासाठी.

आज चौथा दिवस. पिंप बुडबुडतंय.
झाकणाला कान लावला की आत कुणीतरी
हळू आवाजात भांडल्यासारखं.
काल अकरा मेले, आज चौदा.
तीन दिवस राहिलेत.

बाजारात धरणाचा कटला घेतला एकानं,
म्हणाला, साफ करून दे, मावशी.
चीर दिली. बोट आत घातलं.
ऊबदार नव्हतं, तरी ऊब असल्यासारखं वाटलं.
घार बसलीच होती.
गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं?
काही नाही, म्हटलं,
आणि हिसका दिला,
जरा उशिरा.