मुक्तद्वार

बावीस वर्षं माझ्या कमरेला चौदा किल्ल्या होत्या.
कुठेही जा, आधी त्या पोचायच्या,
मागून मी.
काचेची कपाटं, आत डांबरगोळ्यांचा वास,
आणि काचेला नाक टेकून उभ्या माणसासाठी
माझं ठरलेलं वाक्य :
"चिठ्ठीवर नाव लिहा पुस्तकाचं. आणून देते."

नाव ठाऊक नसेल त्यानं काय लिहायचं,
हे मला कुणी विचारलं नाही.

आता नगरपालिकेनं खाडीकडे तोंड करून
नवी इमारत बांधलीय.
तीन मजले, एक लिफ्ट (बंद).
रॅकना काच नाही, कुलूप नाही,
अनामत नाही, ओळखीची सही नाही.
पहिल्या सोमवारी हात सारखा कमरेकडे जायचा
आणि रिकामा परत यायचा.

मिरकरवाड्याचे हसनमियाँ होडेकर आले.
चपला बाहेर काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं.
जाळ्याचा दोरा घ्यायला बाजारात आले की
जुन्या कपाटापुढे उगीच थांबायचे ते.
चिठ्ठी कधी लिहिली नाही.
"घेऊ?"
"घ्या की."
"माझ्या हातानं?"

सरळ चौथ्या रॅककडे गेले,
हिरव्या कापडातला ठोकळा ओढला,
आपल्या किनाऱ्यावरच्या माशांचा.
त्याची पाठ त्यांना तोंडपाठ होती.

उघडायला गेले, तर पानं जोडलेलीच.
छापखान्यातून आली तशी, कडा न कापलेल्या,
माझ्या जन्माच्याही आधीपासून.
म्हणजे इतकी वर्षं कुलूप लावून
जे मी सांभाळलं
ते कुणी एकदाही वाचलं नव्हतं.

हसनमियाँनी कनवटीची सुरी काढली,
मुठीला निळा दोरा गुंडाळलेली,
आणि माझ्याकडे बघितलं.
नियम असा आहे की...
आठवला नाही.
सर्र. थांबून, पुन्हा सर्र.
बांगडा चिरतात तसं नव्हे,
अडकलेली गाठ सोडवतात तसं.

दुपारभर ओठ हलवत वाचत होते.
मग हाक आली,
"बाय, ह्या बघा. मुडदुशी लिवलान हितं,
आमी रेणवी बोलतो.
आनि म्हनं थंडीतच गावते!
ह्याला कोनी सांगितलान?"
आणि असे हसले
की वर्तमानपत्रवाले दोघे वळून बघायला लागले.

'पुस्तकात काहीही लिहू नये'
ही पाटी सकाळी मीच चिकटवली होती.
टेबलावरची पेन्सिल
मी त्यांच्याकडे सरकवली.

मला कळतं सगळं.
खारी हवा लागेल, बुरशी धरेल,
एखादं जाईल कुणाच्या पिशवीतून,
आणि जाब मला द्यावा लागेल.

साडेसात वाजता दिवे मालवले, एक ठेवला.
शटर ओढण्याआधी
एका रॅकपुढे उभी राहिले.
कुठलं हवंय
ते ठाऊक नव्हतं.