लॉगबुकाचं शेवटचं पान

हिद्दच्या किनाऱ्यावर समुद्र गोड करायचा कारखाना.
रात्रपाळीला आम्ही पाच माणसं, सहा पंप
आणि एक निळं लॉगबुक.
पुढून दाब, तापमान, क्षार.
मागून गाणी.

कुणी सुरू केलं, ठाऊक नाही.
मी आलो तेव्हा शेवटच्या पानावर
नूरुलने तिरप्या अक्षरात लिहून ठेवलेलं :
भाटियाली. एकट्याने ऐकणे. पंप तीन बंद असताना.
पंप तीन बंद पडायची मी अकरा दिवस वाट पाहिली.
बाराव्या रात्री पडला.
दुरुस्तीला फोन करायच्या आधी
मी कानात बोंडं घातली,
आणि कुणीतरी वल्हं टाकून देऊन
गात राहिलं, गात राहिलं.
सूर थांबला तरी नदी थांबेना.
त्या रात्रीचं एक रीडिंग अंदाजे आहे.

हया मीटर तपासायला पहाटे यायची,
हिजाबाखाली हेडफोन.
तिने लिहिलं : मेटल. पहिली तीन मिनिटं भीती वाटेल. बसून राहा.
बसलो.
खाली उत्तर लिहिलं :
आमच्या जत्रेत राक्षस मांडावर येतो
तेव्हा हेच वाजतं,
फक्त वीज कमी लागते.

रॉडेलची शिफारस कायम एकच :
प्रेमभंग, साडेचार मिनिटं,
शेवटाकडे अख्खं दुःख एक पट्टी वर.
मी नाक मुरडलं.
फेब्रुवारीत व्हॉल्व्ह फिरवता फिरवता
तेच गुणगुणताना रॉडेलने मला पकडलं.
काही बोलला नाही, नुसता दात काढून गेला.

मुबारकला निवृत्तीला सात महिने.
त्याने दोनच शब्द लिहिले :
फिजिरी. चला.
गुरुवारी मुहर्रकच्या गल्लीत,
चपला बाहेर, भिंतीला टेकून म्हातारे,
मातीच्या रांजणांवर थापा,
आणि सगळ्यांच्या खालून एक घुमणं,
इतकं खोल की गळ्यातून नव्हे,
बसल्या जागेतून यावं.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुडी मारायचा.
कमरेचा दोर वर कोण ओढतंय
त्यावर जीव.
मी मिठाचा हिशोब ठेवणारा माणूस,
एवढं मीठ एकदम
कानावर कधी घेतलं नव्हतं.

आता माझी पाळी.
पाहुण्याला ताट वाढावं तसा पेनड्राइव्ह भरला :
डावीकडे अभंग, उजवीकडे नाट्यपदं,
मधोमध यमन, बागेश्री,
तोंडी लावायला दोन लावण्या.
बेचाळीस. क्रम तीनदा बदलला.

दोन आठवड्यांनी मुबारकने परत दिला.
म्हणाला, सतरा नंबर. बाकी ठीक.

सतरा काय होतं, मलाच आठवेना.
लावलं.
वेंगुर्ल्याचं घर. पेटीचा भाता.
अण्णांचं खाकरणं.
"अगो, पंखो बंद कर."
आईच्या बांगड्या भिंतीपर्यंत जातात,
बटण खट् वाजतं,
पाती मंद होत होत थांबतात,
आणि पेटीवर एकच सा, लांबवलेला.
संपलं. एक मिनिट दहा सेकंद.
चुकून आलेली फाइल.

मी विचारलं, यात गाणं कुठे आहे?
मुबारक चहात खजूर बुडवत म्हणाला,
गाणं यायच्या आधी घर कसं गप्प होतं,
ते आहे ना.

सकाळी अण्णांना फोन केला.
तुमचं खाकरणं बहरीनला आवडलं.
"आणि गाणी? गाणी नाय आवडली तेंका?"
मग जरा वेळाने,
"थांब, माजी सर्दी जांवदे,
परत नीट रेकॉड करून धाडतंय."

नको, म्हटलं.
तेच राहू दे.
पलीकडे पंखा चालू होता, ऐकू येत होता.
बराच वेळ दोघांनीही
बंद कर म्हटलं नाही.