बुधवारचं पाणी

दर बुधवारी मी रिकाम्या खोल्यांचे नळ सोडतो.
परळ, जुनी विंग, सातवा मजला.
गाद्या गुंडाळलेल्या, खिडकीत कुणाचा तरी राहिलेला कंगवा.
आधी गरम, मग थंड.
थंड आपलं म्हणायचं,
मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी
तेहेतीस अंशांवर खाली उतरतं,
अंगात कणकण असल्यासारखं.

थर्मामीटर धारेत धरतो.
पन्नासच्या वर गेला की जीव भांड्यात पडतो.
पंचेचाळिसाला अडकला तर बॉयलर रूमला फोन:
अरे, हे त्यांच्या आंघोळीचं पाणी झालं!
'त्यांच्या' म्हणजे कुणाच्या,
ते खालचा पोरगा आता विचारत नाही.

पहिल्यांदा मीही विचारलं होतं.
प्रयोगशाळेचा माणूस बाटल्या घेऊन आला,
तळाशी चिमूटभर पांढरी पूड.
दहा दिवस लागतील, म्हणाला, हळू वाढतात.
मी म्हटलं, दहा दिवस त्यांना लागतात की तुम्हाला?
तो हसला नाही.

अनसूया गावंड. टेलिफोन एक्स्चेंजातून निवृत्त.
खुब्याचं ऑपरेशन, टाके सुकलेले,
शॉवरखाली प्लास्टिकची खुर्ची
आणि तेरा दिवसांनंतरची पहिली आंघोळ.
वाफ. साबण. बाई गुणगुणत होत्या म्हणे.
त्यांनी ते पाणी तोंडातसुद्धा घेतलं नाही.
नुसता श्वास घेतला.
दाखल्यावर लिहिलं, न्यूमोनिया.
पाइपचं नाव लिहायला दाखल्यात रकाना नसतो.

पाइप शोधला पास्कोल रुमावने.
वसईहून यायचा, निवृत्तीला चार महिने उरले होते.
नकाशात ती लाइन नव्हतीच.
भिंतीला कान लावून, पान्याने टकटक करत गेला,
एका जागी थांबला.
इथे आवाज बसलाय, म्हणाला.
टाइल फोडली.
कधीकाळच्या दातांच्या डॉक्टरचं बेसिन,
डॉक्टर गेले, बेसिन गेलं,
तोंडाला बूच मारून कुणीतरी
साडेतीन फूट पाणी आत विसरून गेलं.
डेड लेग म्हणतात याला.
मेलेला पाय.
कापल्यावर त्याने हातमोज्याचं बोट आतून फिरवलं,
करडी, बुळबुळीत साय.
ऊब, अंधार, कुणाची कटकट नाही,
इतक्या वर्षांचा भरला संसार.

हे ताराबाईंना कसं सांगायचं?
त्या गोवंडीच्या. गल्लीत पहाटे चाळीस मिनिटं पाणी,
चुकलं तर पिंप विकत.
मी नळ सोडून उभा, हातात घड्याळ.
त्या दारात, हातात फडकं.
केवढं घालवताय, म्हणाल्या पहिल्या बुधवारी.
दुसऱ्या बुधवारी काहीच म्हणाल्या नाहीत,
ते जास्त लागलं.
तिसऱ्या बुधवारी मी सगळं सांगून टाकलं,
पाय, साय, गावंडबाई.
त्यांनी फडकं पिळत ऐकलं.
म्हणजे पाणी बसून राहिलं की नासतं?
हो.
आमच्याकडं त्याला बसायला पाट मांडलाय कुणी!

तेव्हापासून नळाला नळी लावतो,
तिचं टोक पिंपाच्या तळाशी बुडवून,
एक तुषार उडू द्यायचा नाही.
पिंप भरलं की ताराबाई फरशीला नेतात.
शॉवरच्या वेळी मात्र त्यांना बाहेर काढतो,
शॉवरच्या तोंडाला पिशवी बांधतो, दार लावून घेतो,
आणि पाच मिनिटं आत
पिशवी फुगते, उतरते, फुगते.

मग वही.
७०४. गरम ५३. थंड ३१. सही.
शेवटी शेऱ्याचा रकाना आहे,
त्यात काय लिहायचं हे कुणी सांगितलेलं नाही.
परवा मी तिथे लिहिलं: आवाज मोकळा.
सुपरवायझरने भुवई वर केली, शिक्का मारला.
पास्कोलला कळलं असतं.