हरणाचा मागचा पाय

बोगोटात डिसेंबर जवळ आला
की एलिएसेर घरात असून नसतो.
शिडीवर जेवतो, शिडीवरूनच फोन करतो,
रात्री झोपेतही बोटं पिळत राहतो
जणू उशीच्या कोपऱ्यात एक होल्डर सैल आहे.

मी म्हटलं, एकदा आम्हालाही दाखव की,
शहराच्या गळ्यात काय काय घातलंयस ते.

गुरुवारी निघालो.
दुवान माझ्या शालीत, मारिसेल पुढे पुढे,
केबलकारच्या डब्यातून डोंगर उतरलो,
मग लाल बस, मग आणखी एक लाल बस.
शेजारच्या बाईच्या पिशवीत
तळलेले चीजचे गोळे गरम होते अजून,
अख्ख्या बसला भूक लागली.

चौकात ही गर्दी.
वर मॉन्सेराटेच्या माथ्यावरचं चर्च
पांढरं, एकटं,
ढगाच्या हिरडीत उरलेल्या दातासारखं.
खाली विजेची जत्रा:
निळे कोरडे धबधबे,
तारांचे माड, तारांचे देवदूत,
आणि तीन मजली हरीण एक,
इथे कधीच न पडणाऱ्या बर्फातून आलेलं.

मारिसेल ओरडली, पप्पा, हे तुझं?
तो म्हणाला, डावं शिंग आणि मागचे पाय.
बाकीचं दुसऱ्या टोळीचं.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते,
आता उजळेल, आता उजळेल.
तो मान तिरकी करून बघत होता
हरणाच्या गुडघ्याखाली
हातभर विझलेली माळ.
"दिसतंय ना?"
मला कसलं दिसतंय.
मला दिसत होते हजारो दिवे
आणि त्यांच्यासमोर तोंड पाडून उभा
माझा नवरा.

रखवालदाराला म्हणाला, हे मी लावलंय.
रखवालदार म्हणाला, हो का,
सकाळपासून तुम्ही चौथे.

मग गॅसची टाकी उचलताना
ज्याला हमखास कंबर आठवते
तो माणूस कठड्याखालून
मांजरासारखा आत गेला.
काय पिळलं, कुठे दाबलं, कळलं नाही.
हरीण गेलं.

अख्खं. शिंगांपासून खुरांपर्यंत.
चौकातून एक लांब "अरेरे" निघाला.
कुणाचं तरी मूल रडायला लागलं,
दालचिनीची गरम दारू विकणारी बाई
पेला अर्धा ओतून थांबली.

आणि त्या अंधारात मला पहिल्यांदाच दिसलं ते:
गंजके गज, काळी टेप, वायरींचे झुबके,
आणि वीतवीतभर अंतरावर
एकेक गाठ,
दोन फास, एक आडवा पीळ.
ओळखली मी.
दुवानच्या बुटाची नाडी तो अशीच बांधतो,
सोडवताना माझी नखं तुटतात.
वर शिंगापर्यंत गेल्या होत्या गाठी,
पावसात मारलेल्या, वाऱ्यात मारलेल्या,
कुणी बघणार नाही हे माहीत असून मारलेल्या.

मग लख्ख.
गुडघ्यासकट.
लोकांनी टाळ्या वाजवल्या,
त्यांना वाटलं कार्यक्रमच आहे.
मागून कुणीतरी ओरडलं, परत एकदा!
रखवालदारही वाजवत होता टाळ्या,
मग भानावर आला आणि
शिट्टी शोधायला लागला.

एलिएसेर काळे हात पुसत आला, म्हणाला,
चला, झालं.
म्हणजे आमचं दिवे बघणं झालं.

घरी पोचायला साडेअकरा.
दुवान खांद्यावर झोपलेला, मारिसेल पायांवर.
बटण दाबलं. स्वयंपाकघर काळंच.
तीन आठवडे झाले तिथला दिवा जाऊन.
दिव्याखाली अंधार म्हणतात,
आमच्याकडे तर तो भाडं न देता राहतो.

मी काही बोलले नाही.
फडताळातून नवा दिवा काढला,
स्टुलावर चढले.
त्याने स्टूल धरलं, दोन्ही हातांनी,
पडणारी मी नव्हते तरी.

उजवीकडे पीळ, तो म्हणाला.
माहितीये, मी म्हटलं.
आणि जरा वेळ
पिळलाच नाही.